चौकटीवरची लाल रेघ

सोमवार, ८ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरांच्या चौकटींवर लाल खडूनं रेघा ओढल्या, कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली खोडी होती, आणि पालकांनी मला दोन शब्द ऐकवले. खोडी नव्हती. तो गृहपाठ होता आणि मी दिला होता. खडूही मीच वाटले, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातले, तुझ्या वेळचे.

तुला खोटं लिहायचं असं ठरवलं नव्हतं. लिहिता लिहिता वाक्य तसं झालं, ते सोयीचं होतं, म्हणून राहू दिलं. पत्र पेटीत टाकल्यावर मात्र जेवण जाईना.

आता नीट सांगते. रविवारचा वर्ग अजून तिथेच भरतो, सिनेगॉगच्या मागच्या खोलीत. बाकं तीच. ओल आलेली भिंत तीच, फक्त ओल आता फळ्यापर्यंत चढली आहे. पेसाहचा सण जवळ आला म्हणून मी मिसरच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट घेतली होती. देवानं मिसरवर धाडलेल्या दहा पीडांमध्ये मुलं रमली. बेडकांच्या पीडेला तर दोनदा परत बोलवावं लागलं. शेवटच्या पीडेला मात्र सगळी एकमेकांना चिकटून बसली. त्या रात्री मृत्यू घरोघर फिरला आणि ज्या चौकटीवर खूण होती ते घर ओलांडून पुढे गेला, असं मी सांगितलं. आणि मग म्हणाले, म्हणूनच आपण सणाची साफसफाई सुरू झाली की दाराच्या उजव्या बाजूला लाल रेघ ओढतो.

“आपण म्हणजे कोण, टीचर?” चिमणीनं विचारलं. चिमणी वर्गातली सर्वांत लहान. तिचे पुढचे दोन्ही दात सध्या नाहीत.

“आपण म्हणजे सगळे.”

“आमच्या घरी नाही ओढत.”

“मग या वर्षीपासून ओढा,” मी म्हणाले.

ताई, मला खरंच वाटत होतं की सगळे ओढतात. आजोबा ओढायचे, तू स्टूल धरायचीस, मी खडू धरायचे. मी हे सगळं शिकले ते घरातच, जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या तोंडून. कुठल्या शाळेत शिकले असते तर कुणी तरी म्हणालं असतं की बाई गं, हे फक्त तुमच्या घरचं आहे. पालक तेच म्हणाले. एक आजी तर म्हणाल्या, “माझे केस पांढरे झाले, असली रेघ मी पाहिली नाही. उद्या छपरावर चढायला सांगशील.” त्या हसत होत्या. मी पण हसले.

मुलांनी मात्र गृहपाठ केला. एरवी चार ओळी लिहून आणत नाहीत. चिमणीनं दोन रेघा ओढल्या, एक आपल्या दाराला आणि एक शेजारच्या शिंपीकाकांच्या दाराला. शिंपीकाका तुला आठवतील. त्यांचं घर चिमणीच्या घराला लागून आहे आणि दुकान सिनेगॉगच्या हॉलच्या दारासमोर. पुरीमच्या सणाला मुलांनी गोष्टीतल्या दुष्ट हामानाचं नाव आलं की खुळखुळे वाजवून, बाकं बडवून जो गोंधळ केला, त्यात त्यांच्या बोटात सुई गेली होती. आपल्यातले नाहीत, पण आपले सगळे सण त्यांना आवाजावरून ओळखता येतात.

मी चिमणीला विचारलं, काकांच्या दारावर का?

“त्यांना वर्गात घेत नाहीत ना. मग त्यांना कोण सांगणार, आज रात्री खूण हवी म्हणून?”

मी तिला रागावू शकले नाही. काकांची माफी मागायला त्यांच्या घरी गेले, तर ते कापड पसरून त्यावर खडूनंच खुणा करत होते. म्हणाले, “खडू आमचा धंदा, आणि माप माझ्याच दाराचं घेतलंय कुणी तरी. शिवायला कधी टाकायचं?”

मी ओलं फडकं आणलं होतं. रेघ पुसायला घेतली. खालची, चिमणीच्या खांद्याच्या उंचीची, लगेच गेली. वरची गेली नाही.

वर एक दुसरी रेघ होती. माझ्या डोक्याच्या वर. मी पाय उंचावून घासलं, नखानं खरवडलं. तो खडू नव्हता. रंग होता, तेलाचा, जाड, खाली ओघळ आलेला आणि आता वाळलेला.

काकांना मी काही बोलले नाही. म्हणाले, उद्या परत येते. आज गेले नाही.

तुझी,
छोटी

शुक्रवार, १२ एप्रिल

ताई,

दिवस मावळायच्या आत हे संपवायचं आहे. शब्बाथ लागला की लिहिता येणार नाही आणि रविवारपर्यंत डोक्यात ठेवणं जमणार नाही.

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांत पहिलं, आणि त्यावर तीनच शब्द. “कडी परत लाव.” अक्षर पाहून मी जिन्यातच बसले. बाबांनी विचारलं कुणाचं, मी म्हणाले, वर्गाच्या पुस्तकांचं. हीसुद्धा एक दुरुस्ती करायची राहिली आहे, पण ती त्यांच्याकडे.

मी सगळी दारं पाहून आले. शाळेच्या सुट्टीचं विचारायचंय असं निमित्त सांगत गेले. जिथे जिथे आपल्या वर्गातलं मूल राहतं तिथे उजव्या चौकटीवर तोच रंग आहे, त्याच उंचीवर. पालकांनी खडू पुसला, पण वर कुणी बघितलंच नव्हतं. आपण आपल्या दाराकडे बघतो ते कुलपाकडे बघतो. एका वडिलांनी मला उलट विचारलं, “टीचर, हे पण तुमचंच ना? आता तैलरंग?”

एकच दार कोरं आहे. औषधांच्या दुकानदाराचं. त्यांची मुलगी गृहपाठाच्या रविवारी तापानं झोपून होती, तिला खडू मिळालाच नाही. त्यांच्या दारावर आपली मेझुझा आहे, प्रार्थनेच्या चिठ्ठीची डबी, नीट, नजरेला येईल अशी. तरी ते दार कोरं. आणि शिंपीकाकांच्या दारावर, जिथे मेझुझा नाही, काही नाही, फक्त एका मुलीनं खडू फिरवला, तिथे रंग.

तुझ्या लक्षात आलं असेलच. माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. ज्यानं कुणी रंग लावला त्याला आपली घरं माहीत नव्हती. मेझुझा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, त्याला ती घंटी वाटली असेल. त्याला घरं मी दाखवली. मुलांच्या हातात खडू देऊन. गोष्टीत मृत्यूला दार चुकवायला जी खूण होती, तीच मी कुणाला तरी दार सापडायला करून दिली.

बाबांना सांगितलं. ते हॉलमधल्या दिव्यांच्या काचा पुसत होते. म्हणाले, “घरपट्टीवाले असतील. मोजणीला आले की खुणा करून जातात.”

“मग औषधवाल्यांना घरपट्टी माफ आहे का?”

“तुझ्या जिभेला तुझ्या बहिणीची धार यायला लागली आहे,” बाबा म्हणाले. तुझा विषय त्यांनी काढला तो असा.

पोलीस चौकीतही गेले. तिथल्या अंमलदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी बेडकांपासून. मी घाबरले की पहिल्यापासून सांगते. शेवटी ते म्हणाले, “म्हणजे पहिल्यांदा रेघा तुम्हीच काढायला लावल्यात?”

“हो.”

“आणि आता तक्रार रेघांची आहे?”

“रंगाची.”

“बाई, रंग लावला म्हणून मी कुणाला धरू? काही झालं तर या.”

काही झालं तर. मी आभार मानून बाहेर आले. आभार कशाचे मानले ते रस्त्यात आठवेना.

कडी बाबांच्या खणात आहे. चष्म्याच्या जुन्या घरांखाली, किल्ल्यांच्या मागे. तीन वर्षांपूर्वी वर्गाच्या खिडकीतून दगड आला त्या आठवड्यात तू ती हॉलच्या दाराला आतून बसवली होतीस, आणि बाबांनी पेसाहच्या दिवशी सकाळी पेचकस घेऊन ती काढली. या रात्री आपल्या दाराला कडी नसते, म्हणाले. तुम्ही दोघं बोलत होता आणि मी थाळ्या मोजत असल्याचं नाटक करत होते. तू म्हणालीस, “दार उघडं ठेवायचं तुम्ही ठरवता, बाबा. पण उघडायला जातं ते पोर.” मग तू बॅग भरलीस. मी थाळ्याच मोजत राहिले.

स्क्रूची भोकं अजून आहेत. वरून रंग दिलाय, पण बोटाला लागतात.

उन्हं गेली. थांबते.

छोटी

रविवार, १४ एप्रिल

ताई,

सणाच्या रात्री हॉलमध्ये सगळे मिळून जेवतात, त्या जेवणाची आज तिथेच वर्गाची रंगीत तालीम होती. घाईत लिहिलं तर अक्षर तुला वाचता येणार नाही, तेव्हा सावकाश लिहिते.

तुला माहीत असलेलंच परत सांगते, कारण मला स्वतःला एकेक पायरी बघायची आहे. जेवणानंतर एलियाहू संदेष्ट्यासाठी पेला भरून ठेवतात आणि त्यानं आत यावं म्हणून दार उघडतात. हे सगळीकडे आहे, हे आपल्याच घरचं नाही. या वेळी मी रेघेला हसलेल्या त्या आजींना विचारून खात्री केली. पण सगळ्यांनी डोळे मिटून घ्यायचे, दाराकडे जाणाऱ्या बोळातला दिवा बंद करायचा, आणि सर्वांत लहान मुलानं एकट्यानं जाऊन दार उघडायचं, हे आपलं. आजोबांचं. तेही मी मुलांना नियम म्हणून शिकवलेलं आहे. या वर्षी चिमणीची पाळी. ती महिनाभर त्याच्यासाठी जगते आहे.

तर आम्ही बसलो. थाळ्यांत पुठ्ठ्याच्या भाकऱ्या होत्या. चिमणीनं लहानांनी विचारायचे ठरलेले चारही प्रश्न न अडखळता विचारले, दात नसल्यानं फक्त हवा जास्त आली. बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते, खुशीत होते. मग ते म्हणाले, “डोळे मिटा.” मीही मिटले. काय करणार, मुलं बोटांच्या फटीतून माझ्याकडेच बघत असतात.

चिमणीची पावलं बोळातून गेली. दार उघडल्याचा आवाज आला. आणि मग ती म्हणाली, “आलात?”

मुलं खुदकन हसली. मला वाटलं, नाटक करतेय.

मग एक पुरुषी आवाज आला. हळू, अगदी सभ्य. “काय चाललंय आत?”

“तालीम आहे. सगळ्यांनी डोळे मिटलेत.”

“सगळ्यांनी?”

“हो. खरं जेवण सोमवारी, बावीस तारखेला आहे. तेव्हा पण मीच उघडणार आहे.”

“असं? मग सोमवारी येतो.”

मी उठून बोळात धावले तोवर दार अर्धं उघडं होतं आणि चिमणी उंबऱ्यावर उभी होती. रस्त्यावर दोन-तीन माणसं पाठमोरी चालत होती. त्यातला कोणता ते तिला सांगता येईना.

“कसे होते गं ते?”

“चांगले होते.”

“हातात काही होतं का त्यांच्या?”

“हात खिशात होते.” मग तिनं माझं तोंड बघितलं. “टीचर, ते तेच होते ना? मी त्यांना पेला दाखवायला बोलवायला हवं होतं का?”

मी म्हणाले, नाही, तू सगळं बरोबर केलंस.

मी मुलांना खोटं शिकवलं हे कळून मला वाईट वाटत होतं. त्याहून वाईट हे आहे की मी त्यांना ते इतकं छान शिकवलंय. डोळे मिटायला सांगितलं तर एकही पोर उघडत नाही.

छोटी

गुरुवार, १८ एप्रिल

ताई,

हे पत्र तुला सणाआधी मिळेल की नाही सांगता येत नाही. तरी लिहिते. “ये” असं मी लिहिणार नाही. तू बॅग भरलीस तेव्हा मी “थांब” म्हणाले नव्हते, तर आता कोणत्या तोंडानं म्हणू.

या आठवड्यात मी प्रत्येक घरी जाऊन सगळं सांगितलं. रेघ आपल्या आजोबांची, गृहपाठ माझा, रंग कुणा तिसऱ्याचा, आणि दारात उभा राहिलेला माणूस. आधी उभ्यानंच बोलायचं ठरवलं होतं, पण सगळ्यांनी बसायला लावलं, पाणी दिलं, आणि त्यामुळे आणखी लाज वाटली. काहीजण म्हणाले, या वर्षी घरीच जेवू, आतून कुलूप लावून. त्यांनी रंग खरवडून काढलाय. खाली लाकूड पांढरं दिसतं, लांबून तर रेघेपेक्षा जास्त दिसतं. काहीजण येणार म्हणाले. चिमणीचे आईवडील येणार आहेत. तिची आई म्हणाली, “तिला न्यायचं नाही तर काय सांगू? एलियाहूला भेटून आलेली पोर आहे ती, घरात कोंडून ठेवता येणार नाही.”

शिंपीकाकांकडे सर्वांत शेवटी गेले. त्यांना सांगणं सगळ्यांत कठीण होतं; त्यांचा काहीच संबंध नाही. त्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपल्यावर दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, “म्हणजे त्या चिमुरडीनं मला तुमच्यात धरलं, आणि तो जो कोण आहे त्यानंही धरलं.”

“मी रॉकेल आणलंय, काका. आत्ता काढते रंग.”

“राहू दे. खालची रेघ तू पुसलीस ना? ती माझ्यासाठी काढली होती. वरची काढून काय करू? ज्यानं बघायचं त्यानं बघितलंय.” मग म्हणाले, “सोमवारी मी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवतो. काजं करायची बाकी आहेत.” त्यांच्या दुकानात काजं करायचं मशीन आहे, ती कधीच बाकी नसतात.

राहिले बाबा.

काल मी खणातून कडी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. तिच्याशेजारी तुझं कार्ड ठेवलं, पुस्तकांचं नव्हतं म्हणून सांगितलं. त्यांनी ते चष्मा न लावता लांब धरून वाचलं. तीन शब्द वाचायला त्यांना खूप वेळ लागला.

“माझे वडील,” ते म्हणाले, “याहून वाईट दिवसांत दार उघडायचे.”

“हो. पण पाठवायचे कुणाला?”

“सर्वांत लहान मुलाला. मला.”

“आणि तुम्हाला भीती नाही वाटायची?”

बाबांनी कडी उचलून हातात घेतली. कडीच्या गंजलेल्या टोकावरून अंगठा फिरवत बसले. ताई, मी इतकी वर्षं त्यांच्याकडून शिकतेय, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. मग म्हणाले, “डोळे मिटायचे ते म्हणून. मी रडताना कुणी बघू नये म्हणून माझ्या वडिलांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. पहिल्या वर्षी. मग ते तसंच राहिलं.”

म्हणजे नियम म्हणून जे मी पाठ केलं, मुलांकडून घोटून घेतलं, ते एका घाबरलेल्या पोराला झाकायला सुरू झालं होतं.

ते दार बंद ठेवायला तयार नाहीत. मी विनवलं, भांडले, तुझ्या आवाजातसुद्धा बोलून पाहिलं. या रात्रीही आपण दार उघडलं नाही तर मुलांना काय शिकवलं, असं ते म्हणतात, आणि मला त्यांना चूक म्हणता येत नाही. पण कडी लावायला ते कबूल झाले. उघडण्याच्या क्षणापर्यंत ती लागलेली राहील, आणि बोळातला दिवा चालू राहील. पेचकस त्यांनीच शोधून दिला. उद्या दुपारी बसवते. चौकीतल्या अंमलदारांनाही परत जाऊन तारीख सांगितली. “माणूस मोकळा असला तर पाठवतो,” म्हणाले, आणि तारीख हाताच्या तळव्यावर लिहून घेतली. हात धुणार नाहीत अशी आशा करते.

बाकीचं मी ठरवलंय, ते तुला सांगते, कारण कुणा एकाला आधी माहीत असायला हवं.

रविवारच्या शेवटच्या वर्गात मी मुलांना सांगणार आहे की डोळे मिटायचा नियम चुकीचा होता, टीचरची चूक झाली. आणि पुरीमचे खुळखुळे घेऊन या म्हणणार आहे. त्यांना घाबरवायचं नाही. खेळ आहे असं सांगीन: मी दाराकडून हामानाचं नाव ओरडले, तर जितका जमेल तितका आवाज करायचा, आणि थांबायचं नाही. हे त्यांना शिकवावं लागणार नाही. हे त्यांना येतं. आवाज झाला की समोरच्या दुकानातून काका येतील. त्यांच्याकडे कापड कापायची मोठी कात्री आहे, पण ती त्यांनी आणू नये असं मी सांगून आले आहे. ते म्हणाले, “कात्री कापडासाठी असते गं. मी लोखंडी गज आणीन.” ते हसत नव्हते.

चिमणीला मी एलियाहूचा पेला धरायला देणार आहे. तिला सांगितलं, हे दार उघडण्यापेक्षा मोठं काम आहे, सांडता कामा नये, जागचं हलायचं नाही. तिनं जरा विचार केला.

“मग दार कोण उघडणार?”

“मी.”

“पण तुम्ही लहान नाही.”

“आमच्या घरात मीच सर्वांत लहान आहे,” मी म्हणाले. हे खरं आहे, ताई. तपासून पाहिलं तरी खरं आहे.

कदाचित दारात कुणीच नसेल. कदाचित तो नुसताच रस्त्यानं जाणारा माणूस असेल, चिमणीशी सभ्यपणे बोलला इतकंच, आणि मी दोन गल्ल्यांची झोप उगाच उडवली असेल. तसं झालं तर पुढच्या पत्रात दुरुस्ती करीन, आणि ती दुरुस्ती लिहायला मला इतका आनंद होईल की तुला अक्षरावरून कळेल.

तोवर हे लिहिलेलं बरोबर धर. जेवण झाल्यावर, पेला भरल्यावर, सगळ्यांचे डोळे उघडे असताना, मी बोळातून एकटी जाईन, तुझी कडी काढीन आणि दार उघडीन. सोमवारी, बावीस एप्रिलला.

छोटी